पेगी स्यूचा ड्रम आणि बाकीची एकोणीस गाणी

रॉक अँड रोलच्या अगदी सुरुवातीच्या काळातली एकच रेकॉर्ड घरात ठेवायची असेल तर बडी हॉली आणि द क्रिकेट्सची '२० गोल्डन ग्रेट्स' ठेवा, असं मी सांगेन. ऐकायला बसलात की पहिल्या फेरीत गायकाकडे लक्ष देऊ नका, ड्रमवर कान ठेवा. जाड काड्यांचा चष्मा घातलेल्या एका गुणी पोराची, म्हणजे गायक हॉलीची गाणी म्हणून हा सगळा खजिना जगभर ओळखला जातो. पण ही गाणी टेक्सासातल्या तीन-चार पोरांनी एका छोट्या स्टुडिओत मिळून उभी केली, आणि त्यातला निम्मा जीव जेरी अ‍ॅलिसन नावाच्या ड्रमवाल्याचा आहे. पहिलं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आपल्याकडच्या हिशेबाने बारावीतला मुलगा.

मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. कवायत, खो-खो, लेझीम आणि १५ ऑगस्ट-२६ जानेवारीचं बँडपथक माझ्याकडे असतं. साइड ड्रम मी स्वतः शाळेत असल्यापासून वाजवते, त्यामुळे कोणतंही गाणं लागलं की माझा कान आधी ठेक्याकडे जातो. हा लेख त्याच कानाने लिहिलेला आहे. गिटारचं किंवा इंग्रजी कवितेचं रसग्रहण वाचायचं असेल तर ते दुसरीकडे भरपूर मिळेल.

आधी वस्तूबद्दल सांगते. ही रेकॉर्ड १९७८ साली इंग्लंडमध्ये निघाली आणि तिथल्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. हॉलीला जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती. एका एलपीवर वीस गाणी आहेत, दहा या बाजूला आणि दहा त्या बाजूला. बहुतेक गाणी दोन-सव्वादोन मिनिटांची, 'थिंक इट ओव्हर' तर पावणेदोन मिनिटांतच संपतं. माझी प्रत गावभागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली, सातशे रुपयांना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं, त्या पुरात हे दुकान बुडालं होतं. कव्हर फुगून वाळलेलं, कडेला मातीची तपकिरी रेघ, तबकडीच्या मधला कागद एका बाजूने सुटलेला. पण पाण्याने तबकडीचं काही बिघडत नाही, बिघडतं ते खाचांत बसलेल्या गाळाने. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेनेच फिरवत धुतली, उभी करून सावलीत वाळवली. पहिल्या बाजूला अजून थोडी चरचर आहे, दुसरी बाजू स्वच्छ वाजते. पुरातून आलेली रेकॉर्ड दिसली तर लगेच टाकून देऊ नका. ती वाकलेली नाही ना, एवढं तिरपी धरून बघा आणि घेऊन या.

आता गाणी. पहिलंच 'दॅटल बी द डे'. हॉलीने ते आधी १९५६ मध्ये नॅशव्हिलला डेक्का कंपनीसाठी गायलं होतं, पण कंपनीला ते भावलं नाही आणि तिने त्याला सोडूनही दिलं. करारात एक कलम मात्र राहिलं: तिथे म्हटलेली गाणी पाच वर्षं दुसरीकडे रेकॉर्ड करायची नाहीत. मग ही मंडळी त्यांच्या लबक गावाहून दीडशे-एक किलोमीटरवर असलेल्या क्लोविसला, नॉर्मन पेटी यांच्या स्टुडिओत गेली आणि २५ फेब्रुवारी १९५७ ला त्यांनी तेच गाणं नव्याने केलं. हॉलीचं नाव लावता येत नव्हतं म्हणून रेकॉर्डवर नाव आलं 'द क्रिकेट्स'. त्या सप्टेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढे काही गाणी क्रिकेट्सच्या नावाने आणि काही एकट्या हॉलीच्या नावाने निघत राहिली, वाजवणारी पोरं बहुतेक वेळा तीच. या संग्रहाने दोन्ही नावांची गाणी एका तबकडीवर आणली, हे त्याचं मोठं काम आहे. सलग ऐकताना कुठलं कुणाच्या नावावर निघालं होतं हे कानाला कळतसुद्धा नाही.

पेटींच्या स्टुडिओची एक पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. ते तासावर पैसे घेत नसत, गाण्यावर घेत. घड्याळाकडे बघायची गरज नाही म्हटल्यावर पोरं रात्र-रात्र एकाच गाण्याशी झटत बसायची, हे करून बघ, ते करून बघ. मुलांना शिकवणाऱ्या माणसाला याची किंमत लगेच कळते. शाळेत पस्तीस मिनिटांच्या तासात मुलं फक्त सांगितलेलं वाजवतात. स्वतःचं काही सापडायला शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरचा मोकळा वेळ लागतो. क्लोविसच्या गाण्यांत हा मोकळा वेळ जागोजागी ऐकू येतो.

सगळ्यात जास्त ऐकू येतो तो 'पेगी स्यू'मध्ये. आधी गाण्यातल्या मुलीचं नाव सिंडी लू होतं. अ‍ॅलिसनच्या मैत्रिणीचं नाव पेगी स्यू, म्हणून ते बदललं. ही कथा सगळे सांगतात. ड्रमची कथा त्याहून मोलाची आहे. या गाण्यात नेहमीचा धिम्-ठाक नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ड्रम अखंड घरंगळत राहतो. हे काय आहे? पॅराडिडल. बँडपथकात साइड ड्रम शिकलेल्या प्रत्येकाने हा हात घोटलेला असतो: राइट-लेफ्ट-राइट-राइट, लेफ्ट-राइट-लेफ्ट-लेफ्ट. आठ ठोक्यांचा साधा धडा. प्रत्येक चौकडीच्या शेवटी एकाच हाताने दोन ठोके पडतात, म्हणून पुढची चौकडी आपोआप दुसऱ्या हाताने सुरू होते आणि दोन्ही हात सारखे तयार होतात. आम्ही तो सरावासाठी वाजवतो, हात मोकळे करायला, आणि मग 'खरं' वाजवायला घेतो. अ‍ॅलिसनने सरावाच्या हातावरच अख्खं गाणं उभं केलं. ड्रमखालची तार सोडून दिली, त्यामुळे आवाजातला चर्रपणा गेला आणि उरला नुसता चामड्याचा खोल नाद.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. ड्रमचा आवाज बाकीच्या माइकमध्ये घुसत होता, म्हणून अ‍ॅलिसनला बाहेर स्वागतकक्षात बसवलं. आत पेटी यंत्रावर बसून प्रतिध्वनीचं बटण गाण्याच्या चालीत उघडत-मिटत होते. म्हणून हा ड्रम एका ओळीत अगदी कानाशी येतो आणि पुढच्या ओळीत मागे सरकतो. वाजवणारा हललेला नाही, जोरही बदललेला नाही. हेडफोन नसला तरी चालेल, पण आवाज जरा मोठा ठेवून हे नक्की ऐका. हॉलीचा उजवा हातही गिटारवर इतक्या वेगात चाललेला आहे की मधल्या वादनाच्या तुकड्यासाठी गिटारवरचा खटका बदलायला त्याला उसंतच नव्हती. तेव्हा पथकातला दुसरा गिटारवाला निकी सलिव्हन त्याच्यापाशी खाली बसला आणि वेळ आली की त्याने खटका फिरवला. त्या गाण्यात त्याचं काम एवढंच. मला हा प्रसंग फार आवडतो. ज्याला आज वाजवायचं नाही तोही कामाला असतो, हे पथकातल्या मुलांना मी यावरूनच सांगते.

हे गाणं मी शाळेच्या मैदानावर पथकाला ऐकवलं. आमच्याकडे एकच मोठा स्पीकर आहे, तरी काही बिघडत नाही, कारण क्लोविसची ही रेकॉर्डिंग मोनोच आहेत. एका कर्ण्यातून येणारा आवाज त्यांना शोभतोच. अर्धं गाणं झालं तेव्हा आठवीतली एक पोरगी, पथकात सगळ्यात बारीक चणीची, पुढे येऊन म्हणाली, "बाई, ह्यो तर आपला सरावाचा हात हाय की! पन ह्यो मधी थांबतच न्हाई." बरोबर ओळखलं तिने. अडीच मिनिटं तो हात कुठेही सैल पडत नाही, वेग वाढत नाही, घटत नाही. करून बघा. दुसऱ्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं.

'एव्हरीडे' हे 'पेगी स्यू'च्या मूळ छोट्या तबकडीची मागची बाजू म्हणून १९५७ मध्ये निघालं होतं, आणि इथे तर ड्रमच नाही. अ‍ॅलिसन दोन्ही हातांनी स्वतःच्या मांड्या थोपटतो, बस. त्यावर पेटींच्या पत्नी व्हाय पेटी सेलेस्टा वाजवतात. पियानोसारख्या पट्ट्या दाबायच्या आणि आत हातोड्या धातूच्या पट्ट्यांवर पडायच्या, असं ते वाद्य आहे. त्याचा नाद घंट्यांसारखा बारीक येतो. मांडीवरच्या थापेत कापडाचा किंचित आवाज मिसळलेला आहे, आणि त्यामुळेच गाणं समोर बसून म्हटल्यासारखं वाटतं. महागडं साहित्य नाही म्हणून बँड उभा करता येत नाही, अशी अडचण सांगणाऱ्या शिक्षकांनी हे गाणं जरूर ऐकावं.

'नॉट फेड अवे'मध्ये अ‍ॅलिसनने पुठ्ठ्याचं खोकं वाजवलं. हा ठेका बो डिडली या गायकाच्या नावाने ओळखला जातो. मी मुलांना तो असा शिकवते: सोळा मोजा, आणि टाळी द्या पहिल्यावर, चौथ्यावर, सातव्यावर, अकराव्यावर आणि तेराव्यावर. तीन टाळ्या लांब-लांब, मग दोन जवळ, मग जागा. जागा सोडणं सगळ्यात अवघड. मुलं घाईने पुढची टाळी देऊन मोकळी होतात. संगणक कक्षातल्या मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यावर आम्ही हे बसवलं, आणि त्याला साइड ड्रमपेक्षा चांगला नाद आला. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सनी हेच गाणं इंग्लंडमध्ये गाजवलं. त्यांची आवृत्ती दणदणीत आहे, जोरकस आहे. मला मात्र खोक्यावरचं जास्त आवडतं, कारण त्यात प्रत्येक ठोक्याच्या भोवती मोकळी हवा आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच १९५७ साली आपल्याकडे सी. रामचंद्रांनी 'आशा' चित्रपटासाठी 'ईना मीना डीका' केलं, एकदा किशोरकुमारांच्या आवाजात आणि एकदा आशाताईंच्या. आशाताईंचा जन्म आमच्या सांगलीकडचा. टेक्सासातली पोरं मांड्या थोपटत होती तेव्हा मुंबईत एक मराठी संगीतकार भरगच्च वाद्यवृंद घेऊन त्याच जातीच्या ठेक्यावर गाणं बांधत होता. दोन्ही पाठोपाठ लावून बघा. अण्णांकडे, म्हणजे सी. रामचंद्रांकडे, पितळी वाद्यांचा थाट आहे, इकडे सगळा भार तीन-चार माणसांवर.

पहिल्या बाजूची उरलेली गाणीही उत्तम आहेत, पण त्यांवर मी थोडक्यातच बोलेन. 'वर्ड्स ऑफ लव्ह'मध्ये हॉलीने टेपवर टेप चढवून स्वतःच्याच आवाजाची साथ घेतली आहे. बीटल्सनी १९६४ मध्ये ते जवळपास तसंच गायलं. 'ओ बॉय' म्हणजे नुसता उत्साह. 'मेबी बेबी' दौऱ्यावर असताना ओक्लाहोमातल्या हवाई दलाच्या तळावर, अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये यंत्रं मांडून रेकॉर्ड केलं, आणि तिथला ड्रम क्लोविसपेक्षा जरा दूरचा लागतो. 'हार्टबीट'मध्ये टॉमी ऑलसपची गिटार फार नाजूक आहे. 'थिंक इट ओव्हर'मधला पियानो मला कमी आवडतो, तो ड्रमच्या जागेवर येऊन बसतो.

दुसऱ्या बाजूला माझी खरी तक्रार आहे. ती सुरू होते 'इट डझन्ट मॅटर एनीमोर'ने. गाणं पॉल अँका या गायकाने लिहिलेलं, २१ ऑक्टोबर १९५८ ला न्यूयॉर्कमध्ये व्हायोलिनच्या ताफ्यासह रेकॉर्ड झालेलं, आणि क्रिकेट्सपैकी त्यात कोणीही नाही. बोटांनी छेडलेल्या व्हायोलिनच्या तारा ऐकायला गोड आहेत, नाही म्हणत नाही. पण पहिली बाजू संपवून तबकडी उलटली की एकदम दुसऱ्याच घरात पाऊल पडतं, आणि लगेच पुढचं 'इट्स सो ईझी' परत आपल्या घरात आणतं. त्याच दिवशीची 'रेनिंग इन माय हार्ट' आणि 'ट्रू लव्ह वेज' पुढे पाचव्या-सहाव्या जागी आहेत. तिन्ही गाणी एकत्र ठेवली असती तर काय बदललं हे ऐकणाऱ्याला स्वच्छ कळलं असतं. 'ट्रू लव्ह वेज' हे हॉलीने नव्या नवरीसाठी, मारिया एलेनासाठी केलं. सॅक्सोफोन आवाजाला इतक्या अदबीने साथ देतो की तिथे मला ड्रमची आठवण येत नाही.

मधली दोन गाणी मात्र सोन्याची आहेत. 'वेल... ऑल राइट'मध्ये तारांची साधी गिटार, बास आणि अ‍ॅलिसनची फक्त झांज. ड्रमला हातच नाही. झांजेवर स्टिकचं टोक इतकं हलकं पडतं की ठोका कमी आणि लहर जास्त ऐकू येते. हा वाजवणारा 'पेगी स्यू'वाला, यावर मुलांचा विश्वास बसत नव्हता. आणि 'रेव्ह ऑन'. पहिला एवढासा शब्द हॉली तोडून, उचकी देत, सहा ठिकाणी वळवून गातो आणि त्याच्या पाठीवर सगळं पथक एकदम उडी घेतं. खटके-मुरक्या कानावर असलेल्या आपल्या लोकांना यातलं कसब चटकन कळेल.

शेवटच्या चार गाण्यांबद्दल ऐकणाऱ्याला आधीच माहीत असायला हवं. १९५८ च्या शरदात हॉली आणि त्याचे साथीदार वेगळे झाले. अ‍ॅलिसन आणि बास वाजवणारा जो मॉल्डिन पेटींबरोबर राहिले, हॉली न्यूयॉर्कला गेला. नव्या साथीदारांसह हिवाळी दौऱ्यावर असताना ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात क्लिअर लेकजवळ त्याचं छोटं विमान पडलं. तो २२ वर्षांचा होता. दौऱ्यावरचे गायक रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर, आणि वैमानिकही गेले. घरी टेपवर एकट्याने गिटार घेऊन म्हटलेलं 'पेगी स्यू गॉट मॅरिड' नंतर स्टुडिओत इतरांची वाद्यं चढवून काढलं गेलं. 'बो डिडली' आणि 'ब्राउन आइड हँडसम मॅन' ही आधीची रेकॉर्डिंग. त्यांवर द फायरबॉल्स या पथकाने नव्याने वाजवलं आणि १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये दोन्ही पहिल्या पाचांत गेली. फायरबॉल्स नेटकं वाजवतात. तरी ऐकताना जाणवतं की गाणारा आणि वाजवणारे एकमेकांकडे बघत नाहीत. 'नॉट फेड अवे'मध्ये हॉली किंचित थांबला की खोकंही थांबतं. 'बो डिडली'मध्ये आवाज आधीच टेपवर पक्का झालेला आहे, वाजवणारे त्याच्यामागून चालतात. एकाच जातीचा ठेका असल्यामुळे हा फरक शिकवायला ही दोन गाणी फार उपयोगी पडतात. एवढ्या एका कारणासाठी मी ती संग्रहातून काढा म्हणणार नाही, पण चारही सलग शेवटी ठेवल्यामुळे रेकॉर्डचा शेवट पातळ झाला आहे.

त्याऐवजी 'टेल मी हाऊ' घ्यायला हवं होतं. क्रिकेट्सच्या पहिल्या एलपीवरचं हे गाणं, आणि त्यातला ड्रम 'पेगी स्यू'च्या खालोखाल. इथे ते नाही, याचं मला वाईट वाटतं.

घ्यावी का? जुन्या बाजारात आठशेच्या आत आणि न वाकलेली मिळाली तर घ्याच. जास्त सांगत असतील तर थांबा, ही रेकॉर्ड चिक्कार खपलेली आहे, पुन्हा कुठेतरी दिसेल. तोवर ही सगळी गाणी मोबाइलवर सापडतात. तिथे ऐकताना 'पेगी स्यू', 'एव्हरीडे', 'नॉट फेड अवे' आणि 'वेल... ऑल राइट' या क्रमाने लावा: तार सोडलेला ड्रम, मग मांडी, मग खोकं, मग नुसती झांज. चारही ठिकाणी वाजवणारा एकच आहे. रेकॉर्डवर ऐकत असाल तर दुसरी बाजू लावताना सुई दुसऱ्या गाण्यावर ठेवा आणि व्हायोलिनवाली तिन्ही गाणी वेगळी, एकत्र ऐका. आमच्या पथकात येत्या २६ जानेवारीला संचलन संपल्यावर पॅराडिडलचा हात दोन मिनिटं न थांबता वाजणार आहे, आठ ड्रमवर, तार सोडून.